"आई, मला तसं बोलायला शिकव ना"

पत्र :
ताई, आम्ही मूळचे वसईचे, कुपारी ख्रिस्ती. नवऱ्याच्या नोकरीमुळे अकरा वर्षं पुण्यात आहोत. घरात सामवेदी बोली आणि मराठी. मुलगी नववीत, मराठी माध्यमात. यंदाच्या स्नेहसंमेलनात त्यांच्या वर्गाचं विनोदी नाटुकलं बसतंय. त्यात मोनिका नावाची ऑफिसातली सेक्रेटरी आहे, तोकडा फ्रॉक घालणारी, आणि तिचा दारू प्यालेला बाप, जो दर वाक्याला 'क्या मॅन' म्हणतो. बाईंनी मोनिकाचं काम माझ्या मुलीला दिलं. "तुला तर अभिनयही करावा लागणार नाही," असंही म्हणाल्या. घरी येऊन ती मला म्हणाली, "आई, मला तसं बोलता येत नाही. तू शिकव ना." ताई, मलाही तसं बोलता येत नाही. माझी सासू अजून लाल लुगडं नेसते. माझे वडील जन्मभर केळीच्या वाडीत राबले, दारूच्या थेंबाला शिवले नाहीत. आम्ही काही बांद्र्याच्या सँड्रा नाही की गोव्याचे बेवडे नाही. हल्ली मुलगी वहीवर आडनावाचं फक्त पहिलं अक्षर लिहिते. नवरा म्हणतो, गंमत आहे, सोडून दे. तक्रार केलीस तर पोरीवर डूख धरतील. मी काय करू?
एक आई, पुणे

ताई,

तुमचं पत्र वाचून तीन दिवस झाले आणि "तू शिकव ना" हे तीन शब्द काही डोक्यातून जात नाहीत. चौदा वर्षांच्या मुलीला सांगितलं गेलं की तू तुझ्या माणसांसारखं बोल. तिनं घरात पाहिलं, तर तसं बोलणारं कोणीच नाही. आजी नाही, बाबा नाहीत, आई नाही. तरी तिला असं वाटलं नाही की बाईंचं काहीतरी चुकतंय. तिला वाटलं, आपल्यालाच काहीतरी यायचं राहून गेलंय. लोक आपल्याला चुकीचं ओळखतात याचा त्रास मोठ्या माणसाला होतो, पण मोठा माणूस निदान मनात म्हणू शकतो की हे खोटं आहे. मूल उलटं करतं. ते पडद्यावरचं चित्र खरं धरतं आणि स्वतःला त्याच्याशी ताडून बघतं. आडनावाचं एकच अक्षर वहीवर उरलं ते याच हिशेबातून.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. शाळेत जा. तुमच्या यजमानांची काळजी मला समजते आणि ती कशी सांभाळायची ते पुढे लिहिते. पण जा, आणि या आठवड्यात जा. एकदा तालमी रंगल्या, फ्रॉक शिवायला टाकला, की बाईंना बदल करणं जड जाईल आणि वर्गातली मुलं तुमच्या मुलीला म्हणतील, तुझ्यामुळे नाटक गेलं.

जाण्यापूर्वी एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, कारण मुलगी तुम्हाला ती विचारणारच आहे : ही मोनिका आली कुठून?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार होती. राज्याच्या लोकसंख्येत शंभरात एकही पुरता नाही. त्यातही पुष्कळ लोक मुंबई, ठाणे, वसई, पुणे, नगर अशा ठरावीक भागांत. म्हणजे महाराष्ट्रातला बहुसंख्य माणूस कधी ख्रिस्ती घरात जेवायला गेलेला नाही, ख्रिस्ती शेजाऱ्याच्या मयताला गेलेला नाही. त्यानं ख्रिस्ती माणूस पाहिला तो सिनेमात. जिथे ओळखीचा माणूस असतो तिथे सिनेमातलं चित्र फार टिकत नाही. पाटील आडनावाचा एक खलनायक पाहून कुणी सगळ्या पाटलांना घाबरत नाही, कारण दहा पाटील गल्लीत असतात. तुमच्या मुलीच्या वर्गात तिच्या आडनावाची ती एकटीच असेल. तिच्यापुढे मोनिकाच उभी, आणि मोनिका तिच्या आधी सगळ्यांना भेटून गेलेली.

आता सिनेमावाल्यांना मोनिका का लागली, ते पाहा. मुंबईत टायपिस्ट, टेलिफोन ऑपरेटर, नर्स, दुकानातली विक्रेती या नोकऱ्यांत पहिल्यांदा मोठ्या संख्येनं आल्या त्या ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन आणि पारशी मुली. मिशनच्या शाळांत इंग्रजी शिकलेल्या, घराबाहेर पडून पगार आणायला मोकळ्या. रुग्णाची सेवा करायला, त्याचं अंग पुसायला सोवळ्यातली घरं आपल्या लेकी पाठवायला तयार नव्हती, तेव्हा रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांत बहुसंख्य ख्रिस्ती होत्या. परक्या पुरुषांबरोबर एका खोलीत काम करणारी बाई त्या काळात संशयाचीच. सिनेमानं तो संशय जसाच्या तसा उचलला. नायिका पदर सावरणारी हवी, मग क्लबात नाचणारी, साहेबाच्या टेबलावर टेकून बसणारी कोण? तिला रोझी, लिली, मोनिका अशी नावं दिली की नायिकेच्या घराण्याला धक्का लागत नाही. प्रेक्षकालाही बरं वाटतं, नाच पाहायला मिळतो आणि आपल्या घरातली कुणी नाचत नाही. ज्या मुली या शहरात कमावत्या बाईची वाट सगळ्यांत आधी चालल्या, त्यांचाच हा मोबदला. आज पुण्यातल्या कंपन्यांत रात्री दहाला घरी येणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या लेकी त्याच वाटेनं चालतात. मला याचा मनापासून राग येतो, ताई.

दारुड्या बापाचंही असंच. मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला आणि शहरात चोरून गाळण्या-विकण्याचा धंदा फोफावला. विकणाऱ्यांत सगळ्या जातिधर्मांची माणसं होती. त्यात काही ख्रिस्ती बायकाही होत्या, घराच्या पुढच्या खोलीत दोन बाकं टाकून धंदा करणाऱ्या. 'आंटीचा अड्डा' हा शब्द तिथला. हे खोटं नाही आणि ते लपवायचंही कारण नाही. पण त्या बाकांवर बसून पिणारी गिऱ्हाइकं कोण होती? ती सगळ्या मुंबईची होती. पडद्यावर आंटी राहिली आणि गिऱ्हाईक पुसलं गेलं. चित्र असंच तयार होतं. त्यात घातलेली गोष्ट बऱ्याचदा खरी असते, कापून टाकलेली दिसत नाही.

आणि कापून टाकलेलं किती मोठं आहे! ज्या काळात पडद्यावर ख्रिस्ती माणूस बाटली घेऊन झोकांड्या खात होता, त्याच काळात पडद्यामागे हिंदी सिनेमाचं संगीत गोव्यातली ख्रिस्ती माणसं लिहून देत होती. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना नोटेशन वाचायला-लिहायला शिकवत. ती मुलं मुंबईत आली आणि संगीतकाराच्या चालीवरून पन्नास-साठ वादकांनी काय वाजवायचं ते रात्र रात्र जागून कागदावर उतरवू लागली. शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन सेबॅस्टियन डिसोझांचं. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन शिकवत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणायचे म्हणून या माणसानं १९५८ मध्ये मुंबईत स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभा केला. पुढे १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी' आला, तेव्हा प्यारेलालनी गुरूची आठवण म्हणून गाण्यात त्यांचं नाव घातलं. देशभर ते नाव गाजलं. पडद्यावर त्या नावाचा माणूस कोण होता? देशी दारूचा अड्डा चालवणारा. तो नायक होता, दिलदार होता, लोकांनी त्याच्यावर जीव टाकला. म्हणून तर हे चित्र पुसणं अवघड. खलनायक केला असता तर भांडता आलं असतं. आवडत्या माणसाच्या हातात बाटली दिली की तक्रार करणाराच अरसिक ठरतो. तुमच्या मुलीला ही गोष्ट सांगा, आणि गाणं लावून सांगा. तिला ते गाणं आवडत असेल तर आवडू द्या.

आता जरा कठीण बोलते. रागावू नका.

तुमच्या पत्रात एक ओळ आहे, "आम्ही काही बांद्र्याच्या सँड्रा नाही की गोव्याचे बेवडे नाही." ती वाचून मी थांबले. तुमच्यावर आलेलं चित्र तुम्ही उचललं आणि शेजारच्या अंगणात टाकलं. सँड्रा म्हणजे कोण हो? बांद्र्यात राहणारी, फ्रॉक घालणारी, घरात इंग्रजी बोलणारी मुलगी. ती बँकेत नोकरी करत असेल, आजारी आईचं सगळं करत असेल, रविवारी मिस्साला जात असेल. तिची चूक काय? गोव्यातल्या माणसाला तर महाराष्ट्रातले निम्मे लोक गोव्याला दारू प्यायला जाऊन येतात आणि आल्यावर बेवडा म्हणतात. तुमच्या सासूबाईंचं लुगडं सुंदर आहे, तुमच्या वडिलांचं कष्टाचं आयुष्य फार मोलाचं आहे. पण लुगडं नेसलेली आजी आहे म्हणून तुमच्या मुलीला मान मिळावा, असं म्हटलं की फ्रॉक घालणाऱ्या आजीच्या नातीनं काय करायचं? तिची थट्टा चालेल का?

तुम्ही हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. माराच्या जागी उभा राहिलेला माणूस आधी हेच म्हणतो, मी तो नव्हे. कुणीही म्हणेल. पण तुमची मुलगी तुमचं ऐकते आहे. तिनं यातून एवढंच शिकलं की आपण 'चांगल्या ख्रिश्चनांतले' आहोत आणि ते उठता-बसता सिद्ध करत राहायचं, तर उद्या तिला जन्मभर प्रमाणपत्र खिशात घेऊन फिरावं लागेल.

मराठीचंही तेच. मला माहीत आहे, पुण्यात तुम्हाला किती वेळा म्हटलं गेलं असेल, "अय्या, तुमचं मराठी किती छान!" वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. या दोनशे वर्षांत बाप्तिस्म्याबरोबर आडनाव बदललं, भाषा बदलली नाही. फादर स्टीफन्स हा इंग्लंडातून आलेला माणूस. त्यानं ख्रिस्ताची कथा मराठीत, ओवीत लिहिली, दहा हजारांहून जास्त ओव्या, आणि ती १६१६ मध्ये छापली गेली. नगरच्या मिशननं १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे मराठी नियतकालिक काढलं. त्याच नगरमध्ये कवी रेव्हरंड टिळक आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई राहिले. जानेवारी २०२० मध्ये तुमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला काही संघटनांनी विरोध केला होता आणि तरीही ते अध्यक्ष झाले. नगर-जालन्याकडचे ख्रिस्ती तर साळवे, गायकवाड, शिंदे अशा आडनावांचे. साळवे आडनावाचा ख्रिस्ती माणूस मी तरी कुठल्या हिंदी सिनेमात पाहिलेला नाही.

हे सगळं मुलीला द्या, पण खाऊ म्हणून द्या, वकिलाची फाईल म्हणून नको. तिला वाचावंसं वाटलं तर वाचेल. वर्गात कुणी हसलं तर तिनं ओव्या म्हणून दाखवाव्यात, अशी अपेक्षा धरू नका. मराठी न येणारी मुलगीही त्या वर्गात असती तरी तिला हसण्याचा हक्क कुणाला नव्हता.

शाळेत कसं जायचं, ते आता.

आधी मुलीशी बोला. तिला नाटकात काम करायचंय का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. कदाचित तिला स्टेजची हौस असेल, कदाचित मोठं काम मिळालं म्हणून ती मनातून खूशही असेल. तुम्ही परस्पर तिचं नाव काढून घेतलंत तर तिच्या हातून दुसऱ्यांदा काहीतरी काढून घेतल्यासारखं होईल. तिला विचारा, तुला काम हवंय का? हे काम हवंय का? मी बाईंना भेटले तर चालेल का? ती थेट नको म्हणाली, तर दोन दिवस थांबा आणि पुन्हा विचारा. आणि "मला शिकव" याला खरं उत्तर द्या. "बाळा, मलाही येत नाही. आपल्याकडे कुणीच असं बोलत नाही. आणि जे लोक खरंच 'मॅन' म्हणतात, त्यांच्यात हसण्यासारखं काही नाही."

मग बाईंना एकट्या भेटा. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक अक्षरही टाकू नका. तिथे विषय गेला की बाजू पडतात आणि पोर मध्ये सापडतं. आवाज न चढवता घडलं ते सांगा : मुलीनं घरी येऊन काय विचारलं, वहीवर काय लिहायला लागली. "तुमची शाळा आम्हाला वाईट समजते" असं म्हणू नका, कारण तसं नसेल. बाई दुष्ट नाहीत. त्यांच्या डोक्यात चित्र तयार होतं आणि समोर त्या आडनावाची मुलगी दिसली.

हे मी खात्रीनं सांगते, कारण हे माझ्या हातून घडलंय. मी बावीस वर्षं शाळेत शिकवलं. एका वर्षी गॅदरिंगच्या नाटुकल्यात दूधवाला भय्या हवा होता. वर्गात उत्तर प्रदेशातल्या एका घरातला मुलगा होता. मी क्षणाचा विचार न करता त्याला ते काम दिलं. त्याचं मराठी वर्गातल्या निम्म्या मुलांपेक्षा शुद्ध होतं. मी त्याला ते मोडून बोलायला लावलं. टाळ्या पडल्या. पुढची दोन वर्षं पोरं त्याला भय्या म्हणूनच हाक मारत होती आणि मी ती हाक कॉरिडॉरमधून रोज ऐकत होते. मला तेव्हा कुणी येऊन शांतपणे सांगितलं असतं, तर मी ऐकलं असतं असं मला वाटतं. त्याचे आईवडील आले नाहीत. तेही बहुधा म्हणाले असतील, गंमत आहे, सोडून दे.

बाईंना करता येण्यासारखी एक गोष्ट सुचवा. नाटुकल्यातल्या बापलेकीची नावं बदलून बघा म्हणावं. मोनिकाच्या जागी माधुरी, बापाच्या जागी कुणी कुलकर्णी काका. विनोद टिकला तर उत्तमच, नाटक तसंच करा, हवं तर माझ्या मुलीला माधुरी करा. नाव बदलल्याबरोबर विनोद संपला, तर लोक कशाला हसणार होते ते बाईंनाच दिसेल. बहुतेक वेळा शिक्षकांना एवढं पुरतं. त्यांना जरा अवघड वाटलं, तर हिंदी मालिकांची आठवण करून द्या. तिथे घरकामाची बाई आणि पोटसुट्या हवालदार किती वेळा मराठी असतात, आणि आपण सगळे मराठी लोक त्यावर किती चिडतो! ती चीड बाईंनाही माहीत असेल. तिच्यावरून त्यांना तुमच्या मुलीपर्यंत यायला वेळ लागणार नाही.

नाहीच ऐकलं, तर मुख्याध्यापकांकडे संहितेची प्रत घेऊन जा आणि बाईंचं ते वाक्य जसंच्या तसं लिहून द्या, तारखेसह. आणि डूख धरण्याची भीती असेल तर तेही लपवू नका, त्यांना सरळ सांगा : "मी आले याचा त्रास मुलीला होणार नाही, एवढी हमी मला तुमच्याकडून हवी." अशी हमी तोंडावर मागितली की माणूस सांभाळून वागतो.

तुमच्या यजमानांबद्दल एक शब्द. ते म्हणतात, गंमत आहे. मला वाटतं, त्यांनी ऑफिसात अशी गंमत अकरा वर्षं पचवली असेल. शुक्रवारी कुणी विचारलं असेल, "काय, आज पार्टी ना तुझ्याकडे?" आणि ते हसले असतील. हसून निभावून नेणं त्यांना जमलं, त्यातच त्यांनी घर चालवलं. त्याला भित्रेपणा म्हणू नका. फक्त एकदा मुलगी झोपल्यावर त्यांना विचारा, पहिल्यांदा कधी हसावं लागलं होतं. आणि शाळेत जाताना त्यांना बरोबर न्या.

राहिलं वहीवरचं अक्षर. त्याबद्दल तिला काही बोलू नका. पूर्ण नाव लिही म्हणून बजावू नका, खोडून पुन्हा लिहून तर मुळीच देऊ नका. नाताळच्या सुटीत वसईला जाल तेव्हा सासूबाईंना सांगा, हे आडनाव आपल्याला कसं मिळालं, आधीचं काही आठवतं का, घराला काय म्हणत, वाडीला काय म्हणत, ते नातीला सामवेदीत सांगा. नातीच्या हातात मोबाइल द्या, तिला रेकॉर्ड करू दे. ती तुमच्याकडे बोलायला शिकव म्हणून आलीच होती. आजीकडे शिकवण्यासारखं पुष्कळ आहे.

बाईंशी काय बोलणं झालं ते मला कळवा. नाटुकल्यात पुढे माधुरी झाली की आणखी कोणी, तेही.

तुमची,
ताई